हेलिकॉप्टरखालची ढोलकी

माझ्या भावाने, प्रज्वलने, ज्या सिनेमात ढोलकी वाजवली, तो आम्ही घरातल्या चौघांनी अंबरनाथला पाहिला. दुसऱ्या आठवड्यातही खिडकीवर तिकिटं मिळत नव्हती. आयुष्यात कधी रांग न मोडलेल्या आमच्या बाबांनी त्या दिवशी ब्लॅकने तिकिटं घेतली आणि ती घेताना इकडेतिकडे बघितलं.

गाणं मध्यंतरानंतर होतं. दुसऱ्या कडव्यानंतर गाणारी थांबते आणि मागे फक्त ढोलकी राहते, ती माझी, असं प्रज्वलने आधीच सांगून ठेवलं होतं. दुसरं कडवं संपलं. नायिका थांबली. आईने माझा हात धरला. आणि डोंगराआडून खलनायकाचं हेलिकॉप्टर आलं. ते गाणं संपेपर्यंत सगळ्यांच्या डोक्यावर घिरट्या घालत राहिलं. लोकांनी शिट्ट्या मारल्या. बाहेर आल्यावर आई म्हणाली, मधूनमधून ऐकू आली की. प्रज्वल म्हणाला, मिक्सिंगमध्ये असं होतं, आणि आम्ही रिक्षा शोधायला लागलो.

प्रज्वल दिवसा एका कंपनीत फिटर होता आणि संध्याकाळी भीमगीतांच्या पार्टीत ढोलकी वाजवायचा. जयंतीचा महिना सुरू झाला की बदलापूरपासून कर्जतपर्यंत रोज कुठे ना कुठे कार्यक्रम असायचा. अशाच एका कार्यक्रमात सिनेमाच्या एका संगीत संयोजकाने त्याला ऐकलं आणि अंधेरीच्या स्टुडिओत बोलावलं. एका दिवसाचं काम होतं. पैसे हातात मिळाले, पावती मिळाली नाही. पडद्यावर शेवटी नावं येतात त्यांत गाणाऱ्यांची होती, वाजवणाऱ्यांची नव्हती.

हे सगळं तिथेच संपलं असतं. पण आईने ते वेणूबाईंना सांगितलं.

वेणूबाई आमच्याकडच्या सोयरिकी जुळवतात. प्रज्वलसाठी त्यांनी वांगणीच्या अक्षदाचं स्थळ आणलं होतं. मुलगी डीएड झालेली, एका खासगी शाळेत शिकवणारी. वडील नव्हते, म्हणून सगळं मामांच्या हातात. दोघांनी एकमेकांना वेणूबाईंच्या घरी पाहिलं होतं. परत आल्यावर प्रज्वलने जेवताना भाजी दोनदा मागून घेतली होती आणि दोन्ही वेळा ती तशीच ताटात ठेवली होती. त्याला ही मुलगी हवी होती, हे आम्हाला कळलं.

अक्षदाचे मामा कमळाकर रेल्वेत तिकीट तपासनीस होते. पुरावा मागणं हा त्यांचा रोजचाच व्यवसाय. वेणूबाईंनी मुलगा सिनेमात वाजवतो असं सांगितल्यावर त्यांनी स्टेशनबाहेरच्या फुटपाथवरून त्या सिनेमाची सीडी घेतली. तीत त्या वर्षीच्या बाकी सगळ्या सिनेमांचीही गाणी होती. आमचं गाणं त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं. दुसऱ्या कडव्यानंतर लगेच तिसरं कडवं सुरू होत होतं. मध्ये ढोलकी नव्हतीच.

त्यांचा निरोप वेणूबाईंनी शब्द न बदलता आणला. "मुलगा वाजवतो हे मला मान्य आहे. सिनेमात वाजवलं नाही आणि वाजवलं म्हणून सांगितलं, हे मान्य नाही. रविवारी येतो. ऐकवा, मग पुढचं बोलू."

आई म्हणाली, येतील तेव्हा प्रज्वल ढोलकी काढून वाजवेल, त्यात काय. मी तिला सांगितलं की त्याने काही सिद्ध होत नाही. वाद तो वाजवू शकतो की नाही हा नव्हताच. आई म्हणाली, तुझं शिक्षण मधे आणू नकोस.

प्रज्वलने संयोजकाला फोन लावला. बऱ्याच वेळा लावल्यावर त्याने उचलला. त्याच्या सांगण्यानुसार सीडीवर गाणं कापून छोटं केलेलं होतं. पूर्ण गाणं, ढोलकीसकट, फक्त इंटरनेटवर विकायला ठेवलं होतं. गाण्यांच्या एका कंपनीच्या साइटवर पैसे भरायचे आणि कायदेशीर डाउनलोड करायचं. ते साल दोन हजार आठ होतं. असं गाणं विकत घेणारा माणूस आमच्यापैकी कुणी पाहिलेला नव्हता.

आमच्या घरी कॉम्प्युटर होता, पण इंटरनेट नव्हतं. बदलापूरला शिरगावातल्या आमच्या नव्या इमारतीपर्यंत टेलिफोनची केबलच आली नव्हती. मी अंबरनाथला रंगद्रव्यांच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत होते. काम सुटल्यावर मी उल्हासनगरला पाच नंबर कॅम्पात जयदेवशेठच्या सायबर कॅफेत गेले. त्यांच्याकडे इंटरनेटवर खर्चायचं स्क्रॅच कार्डही मिळत असे, कारण माझं बँकेचं कार्ड असल्या कामाला चालत नव्हतं.

जयदेवशेठना मी काय करते आहे ते कळायला वेळ लागला. कळल्यावर त्यांनी शेजारच्या मशीनवरच्या माणसाला हाक मारून दाखवलं. "देखो, मॅडम गाणा विकत घेते," ते म्हणाले. मग मला समजावू लागले की मोबाइल द्या, मेमरी कार्डात पाहिजे तेवढी गाणी भरून देतो, घरच्यासारखं आहे. मी म्हटलं, हे तुमच्याकडे नाही. त्यांनी शोधलं. खरंच नव्हतं. त्याचं त्यांना वाईट वाटलेलं दिसलं.

गाणं उतरलं. मी हेडफोन लावला. दुसरं कडवं संपलं आणि ढोलकी आली, आणि तिच्यावर कसलंही हेलिकॉप्टर नव्हतं. आधी हळू, मग अंगात आल्यासारखी, मग परत गाण्याकडे वळताना तो एक ठोका गाळतो, तो त्याने इथेही गाळला होता. घरात हे वाजणं मी रोज ऐकायचे आणि बहुधा दार लावून घ्यायचे. तिथे मात्र मी ते परत लावलं.

मग मी गाणं सीडीवर घेतलं, सीडी त्याच मशीनमध्ये घालून वाजते का ते तपासलं, आणि घरी आले.

घरच्या कॉम्प्युटरने सीडी वाचली, गाण्याचं नाव दाखवलं आणि एक चौकोन उघडून कळवलं की हे गाणं वाजवायचा परवाना या मशीनकडे नाही. शेजाऱ्यांच्या सीडी प्लेअरमध्ये ती नुसती फिरली. प्रज्वलच्या मोबाइलने फाइल ओळखलीच नाही. ज्या मशीनवर सीडी बनवली त्याच मशीनवर मी ती तपासली होती. आमच्या प्रयोगशाळेत कुणी असं केलं असतं तर मी त्याला तपासणीचा अर्थ पहिल्यापासून सांगितला असता.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी गाण्यांच्या कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन केला. बराच वेळ त्याच सिनेमाचं दुसरं एक गाणं ऐकवल्यावर एक मुलगी बोलली. फार नम्र होती. तिने सांगितलं की गाणं माझंच आहे, पण परवाना त्या मशीनचा आहे. मी विचारलं की माझं असेल तर मला ते घरी का ऐकता येत नाही. ती म्हणाली, मॅम, गाणं तुमचंच आहे. मी प्रश्न दुसऱ्या शब्दांत विचारला, तिने उत्तर त्याच शब्दांत दिलं. शेवटी एवढं निष्पन्न झालं की एका खरेदीवर तीन मशीनना परवाना मिळतो. पण मशीन इंटरनेटला जोडलेलं असताना त्यावर गाणं उघडावं लागतं, तेव्हाच परवाना येतो. संध्याकाळी कंपनीची ईमेल आली. कायदेशीर संगीताला पाठिंबा दिल्याबद्दल माझं अभिनंदन केलं होतं.

जयदेवशेठना हे सांगितलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. त्यांच्या भाच्याकडे असलं कुलूप तोडायचं सॉफ्टवेअर होतं. चहा येईपर्यंत काम होईल, पैसे नकोत, म्हणाले. मी खरोखर विचारात पडले. घरी येऊन प्रज्वलला विचारलं. तो ढोलकीची दोरी आवळत होता.

"विकत घेतलंय ना ताई," तो म्हणाला, "मग चोरून कशाला वाजवायचं? चोरीचं मामांकडे आहेच."

इंटरनेट मशीनपर्यंत येत नव्हतं, तेव्हा मशीन इंटरनेटपर्यंत न्यायचं ठरलं.

शनिवारी मी सुट्टी घेतली. आमच्या इमारतीतल्या बाळाजींची रिक्षा सांगितली. सीपीयूच्या सगळ्या तारा काढल्या, कुठली कुठे होती त्यांना चिकटपट्टी लावून खुणा केल्या, आणि तो डबा जुन्या चादरीत गुंडाळून मांडीवर घेतला. बाळाजींनी विचारलं की टीव्ही बिघडला का. मी म्हटलं, नाही, गाणं आणायला चाललेय. त्यानंतर उल्हासनगरपर्यंत ते खड्डे चुकवत राहिले. बदलापूरहून उल्हासनगरपर्यंत खड्डे चुकवत जायचं म्हणजे रस्त्याच्या दोन्ही बाजू बघून होतात.

जयदेवशेठनी मला दारातून आत येताना पाहिलं आणि ते उभे राहिले. मग एका मशीनच्या तारा उपटून माझ्या डब्याला जोडल्या आणि स्वतः स्टूल घेऊन शेजारी बसले. मी गाणं उघडलं. एक पट्टी हळूहळू भरत गेली. परवाना आला. जयदेवशेठनी विचारलं की आता हे घरी वाजलं नाही तर काय करणार. मी म्हटलं, तुमच्या दुकानात राहायला येईन. ते म्हणाले की भाडं तासावर लागेल.

घरी वाजलं. आईने पोळ्या लाटता लाटता ऐकलं, मग पोळपाट बाजूला ठेवून ऐकलं. बाबा ऐकून झाल्यावर गॅलरीत जाऊन उभे राहिले आणि थोड्या वेळाने आत येऊन म्हणाले, परत लाव. मी परत लावलं, मग मशीन नीट बंद केलं आणि कुणी त्याला हात लावायचा नाही असं सगळ्यांना बजावलं.

त्या रात्री ट्रान्सफॉर्मर गेला. सकाळीही वीज नव्हती. भारनियमनाची वेळ असती तर मी तिचा हिशेब धरला असता, पण ही वीज हिशेबाबाहेर गेली होती. पाहुणे आले तेव्हा आई हातपंखा घेऊन उभी होती. कमळाकर मामा, अक्षदाची आई बनूबाई, अक्षदा आणि वेणूबाई. जय भीम झालं, पाणी झालं, पोहे झाले. मामांनी पोहे सगळे खाल्ले, पण चांगले झालेत असं म्हणाले नाहीत. आधी ऐकायचं आणि मग बोलायचं ठरवूनच ते आले होते.

वीज आली. पंखा फिरला. मी मशीन सुरू केलं, गाणं उघडलं, आणि पुन्हा तोच चौकोन आला. मजकूर थोडा वेगळा होता. परवान्याची मुदत अजून सुरू झालेली नाही, असा त्याचा अर्थ होता. मी तो दोनदा वाचला. आईच्या बांगड्यांचा आवाज थांबला होता.

मामा खुर्चीतून उठून माझ्या मागे येऊन उभे राहिले. त्यांनी चौकोन वाचला.

"म्हणजे तिकीट आहे," ते म्हणाले, "पण आजचं नाही. असंच ना?"

मला राग येण्याआधी लक्षात आलं की ते बरोबर बोलत होते. मी पडद्याच्या कोपऱ्यातली तारीख बघितली. एक जानेवारी दोन हजार दोन. कॉम्प्युटरच्या आत घड्याळासाठी एक बटणासारखा सेल असतो. आमचा मरायला टेकला होता. कालचा रिक्षाप्रवास त्याने कसाबसा काढला, पण रात्रभर वीज नसताना तग धरू शकला नाही. मशीनच्या मते सिनेमा निघायला अजून सहा वर्षं होती, आणि जे गाणं अजून झालंच नाही त्याचा परवाना ते मानायला तयार नव्हतं. तर्काने बघितलं तर त्याचं काही चुकलं नव्हतं. या सगळ्या प्रकरणात प्रत्येकाचं बरोबरच होतं, मदत क्रमांकावरच्या मुलीचंसुद्धा. त्यामुळे मला कुणावर चिडताही येत नव्हतं, आणि मी तर चांगलीच चिडले होते.

मी तारीख दुरुस्त केली. गाणं सुरू झालं.

सगळ्यांनी ऐकलं. मामा खुर्चीत परत बसले आणि डोळे मिटून ऐकू लागले. दुसऱ्या कडव्यानंतर ढोलकी आली तशी वेणूबाईंनी बनूबाईंना कोपराने ढोसलं. प्रज्वल दाराच्या चौकटीला टेकून जमिनीकडे बघत होता. गाणं संपलं. मामांनी डोळे उघडले.

"वाजवणारा तयारीचा आहे," ते म्हणाले. "पण हा प्रज्वलच, कशावरून?"

मला त्या माणसाला घराबाहेर काढावंसं वाटलं, आणि त्याच वेळी त्यांचा प्रश्न मला नाकारताही येईना. ढोलकीला चेहरा नसतो. मदत क्रमांक, बाळाजींची रिक्षा, चादर, सेल, एवढं सगळं करून मी एवढंच सिद्ध केलं होतं की त्या गाण्यात कुणीतरी ढोलकी वाजवली आहे. आईने माझ्याकडे पाहिलं. शिक्षण मधे आण, असं तिला आता म्हणायचं होतं. माझ्याकडे आणायला काही नव्हतं.

"मामा, हे तेच आहेत," अक्षदा म्हणाली.

ती इतका वेळ एक शब्दही बोलली नव्हती. मामांनी तिच्याकडे वळून पाहिलं. ती मला म्हणाली, ताई, तेवढंच परत लावा ना, दुसऱ्या कडव्यापासून. मी लावलं. ढोलकी सुरू झाली. मामा आता डोळे उघडे ठेवून ऐकत होते आणि एका बोटाने गुडघ्यावर ताल धरत होते.

"आता बघा," अक्षदा म्हणाली. "इथं."

प्रज्वलने ठोका गाळला. मामांचं बोट एकटंच गुडघ्यावर पडलं. ते बोटाकडे बघत राहिले.

अक्षदाने सांगितलं की वांगणीला जयंतीच्या कार्यक्रमात यांनी हे असंच वाजवलं होतं. गेल्या वर्षीही आणि त्याच्या आदल्या वर्षीही. बायका पुढे बसतात. टाळ्या धरलेल्या असतात, आणि त्या जागेला सगळ्यांची टाळी चुकते, मग सगळ्या हसतात. दुसरा कुणी ढोलकीवाला तिथे ठोका गाळत नाही. तिने बाकीच्या पार्ट्याही ऐकल्या होत्या.

मामांनी प्रज्वलला विचारलं की मुद्दाम गाळता का.

"पहिल्यांदा चुकून गाळला होता," प्रज्वल म्हणाला. "लोक हसले. मग तसाच ठेवला."

मामांनी भाचीकडे पुन्हा एकदा पाहिलं, आणि या वेळी जरा जास्त वेळ पाहिलं. दोन वर्षं कुठल्या ढोलकीवाल्याचा ठोका कुठे गळतो हे ती लक्षात ठेवून होती, तर आपल्याला इथे तपासायला आणलंच कशाला, असं काहीसं त्यांच्या मनात आलं असावं. माझ्या मनात तर तेच आलं. अक्षदाने पोह्यांची बशी उचलली आणि ती रिकामी असूनही त्यात बघत राहिली. तेवढ्यात वेणूबाईंनी चहा टाका म्हणून आईला सांगितलं. चहाबरोबर मामांनी पोहे चांगले झाले होते असंही सांगितलं. साखरपुड्याची गोष्ट निघाली, तारखा निघाल्या.

मी मशीन बंद करायला उठले. मामांनी पिशवीत हात घालून एक कोरी सीडी काढली.

"एवढं गाणं यात टाकून द्या," ते म्हणाले. "वांगणीत चार लोकांना ऐकवतो. नाहीतर म्हणतील, मामा फसला."

मी त्यांना सांगितलं की ते यात टाकता येईल, पण वाजणार नाही. त्यांनी विचारलं, तुम्ही विकत घेतलंय ना. मी हो म्हटलं. मग, त्यांनी विचारलं. मी पहिल्यापासून समजावलं. माझा आवाज त्या मदत क्रमांकावरच्या मुलीसारखा होत चालला होता, हे मला ऐकू येत होतं. मामांचा चेहरा पुन्हा सकाळसारखा झाला. वेणूबाई माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या की मुलीकडच्या माणसाला एक गाणं नाही म्हणू नये, देऊन टाक बाई.

तीनपैकी एक परवाना शिल्लक होता.

"मामा, तुमच्याकडे कॉम्प्युटर आहे का?" मी विचारलं.

पुढच्या रविवारी मी आणि प्रज्वल जयदेवशेठच्या दुकानासमोर उभे होतो. मामांची रिक्षा आली. सीपीयू त्यांनी नव्या कोऱ्या सोलापुरी चादरीत गुंडाळून मांडीवर घेतला होता. प्रज्वल पुढे झाला, पण त्यांनी तो त्याच्या हातात दिला नाही. जयदेवशेठनी आतून पाहिलं, एक लांब सुस्कारा सोडला आणि न सांगता एका मशीनच्या तारा उपटायला घेतल्या.

परवाना आला. मामांनी हेडफोन लावून गाणं सगळं ऐकलं आणि ठोका गळायच्या जागी बोट वर उचलून धरलं. मग हेडफोन काढून त्यांनी सांगितलं की कर्जतचे त्यांचे साडू, कळव्याचा चुलतभाऊ आणि ऑफिसातले दोघे आपापले डबे घेऊन यायला तयार आहेत, फक्त दिवस सांगा.

मी म्हटलं, परवाने संपले.

मामांनी माझ्याकडे पाहिलं. विनातिकीट माणसाकडे ते कसे बघत असतील ते मला तेव्हा दिसलं.

"मग त्यांनी आपापलं विकत घ्यावं," ते म्हणाले. "तुम्ही फक्त कसं घ्यायचं ते त्यांना एकदा फोनवर सांगा."